ग्रंथालयात मुलगा दाखवण्याचा कार्यक्रम

आमच्या कॉलेजात इतिहास शिकवणारे निकाळजे सर मुलीसाठी आलेलं स्थळ आधी घरी नेत नसत, कॉलेजच्या ग्रंथालयात नेत. पोहे नंतर, आधी इमारत.

इमारत भारी आहे, यात वाद नाही. काळा दगड, सागवानी तुळया, वरच्या गॅलरीत चढणारा लोखंडी गोल जिना. पण सर सांगायला लागले की वाटावं, पाया यांनीच खणलाय.

"अहो, खिडक्या उत्तरेला का? पुस्तकांवर ऊन पडू नये म्हणून! आणि ते वरचे झरोके बघा. गरम हवा तिथून निघून जाते. वैशाखातसुद्धा इथे पंखा लागत नाही. तुमच्या त्या काचेच्या डब्यांत एसी बंद पडू दे, माणसं उकडून निघतील!"

काचेचे डबे म्हणजे हिंजवडीतल्या कंपन्या. आणि येणारी स्थळं सगळी तिथलीच! तेव्हा पुण्यात दुसरी स्थळं उरली होती कुठे?

परीक्षा साधी होती. मुलाला आत आणायचं आणि गप्प उभं राहायचं. त्याने आपणहून छताकडे बघितलं तर पास. एक जण मोबाइलला रेंज नाही म्हणून बाहेर पळाला. दुसरा म्हणाला, "हे सगळं स्कॅन केलं तर जागा केवढी मोकळी होईल, नाही?" सर माझ्या कानाशी पुटपुटले, "मॅडम, याला चहासुद्धा नको."

वहिनी गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. सुजाता तिशीला आली होती, तरी बाबांचं हे खूळ हसून चालवून घ्यायची. मलाच राहवेना.

"सर, लग्न मुलीचं करायचंय की इमारतीचं?"

"मॅडम, एवढी इमारत ज्याला दिसत नाही, त्याला माझी मुलगी काय दिसणार?"

कप्पाळ माझं!

शेवटी माझ्या ओळखीतला एक मुलगा मीच आणला. खराडीत नोकरी, कंपनी अमेरिकेला पाठवणार हे ठरलेलं. आत आला, मान वर केली, ती बराच वेळ खाली घेतलीच नाही. मग हळूच म्हणाला, "सर, एवढी मोठी तुळई एवढ्या वर चढवली कशी?"

मग काय विचारता! सरांनी त्याला दोरखंड, कप्पी, बैलजोड्या, सगळं हातवारे करून सांगितलं. छाती अशी फुगली होती की शर्टाची बटणं तुटायची बाकी. सांगून झाल्यावर सुजाता त्याला गॅलरी दाखवायला घेऊन गेली. थोड्या वेळाने वरून दोघांच्या हसण्याचा आवाज आला.

"अभिनंदन सर! पास झाला की तुमचा जावई!"

सर वर बघत राहिले. डोळे भरले होते, पुसायचंही भान नव्हतं.

"झाला खरा. मुलगा गुणी आहे हो, आता नाही कशाला म्हणू? पण मॅडम, हल्लीची मुलं मान वर करत नाहीत, याच भरवशावर तर होतो मी."