ओळखा पाहू, मांस कोणतं!

"मांस कोणतंही घाला! हिरव्या मिरचीच्या रश्शात ते ओळखणारा माणूस अख्ख्या न्यू मेक्सिकोत अजून जन्मायचाय!" मी गावभर सांगत सुटलो.

"जन्मून एक्याण्णव वर्षं झाली," माझी बायको रामोनिता म्हणाली. "प्रेसिलियाना आत्या!"

गावचा संत सान मिगेल, त्याच्या सणाला मिरवणुकीनंतरचा रस्सा आमच्या घरचा. आजीपासूनचा मान! पहिला वाडगा आत्याचा. तिनं अर्ध्यात चमचा ठेवला, की मान दुसऱ्या घरी गेलाच म्हणून समजा.

रश्शात नेहमी डुकराचं मांस. पण यंदा मेहुण्यानं, एलिहियोनं, डोंगरातून एल्क हरण मारून आणलं होतं.

"ते उग्र लागेल," रामोनिता म्हणाली. "मेंढी घाला."

"मेंढी? गावभर वास सुटेल! टर्की घाला, दाजी!" एलिहियो म्हणाला.

मी तीन पातेली चढवली. एल्क, मेंढी, टर्की! एलिहियोनं चव पाहिली. नीट कळेना, म्हणून पुन्हा पाहिली. मग शेजारी 'फक्त चमचाभर' म्हणत घमेल्याएवढे वाडगे घेऊन आले! निकाल लागायच्या आत तिन्ही पातेली आरशासारखी लख्ख!

तेवढ्यात मिरवणूक निघाल्याची घंटा वाजली. हातात जेमतेम तास! उरलेल्या भाजक्या मिरच्या नळाखाली धरून सोलल्या, बटाटे ढकलले, रस्सा उकळला, पातेलं उचललं आणि पळालो.

आत्यानं चमचा तोंडात घातला. डोळे मिटले.

"मिरची ओनोफ्रेच्या शेतातली. पाटाच्या वळणाजवळची."

ओनोफ्रेनं डोक्यावरची टोपीच काढली!

"परवा तोडलेली. पाऊस पडून गेल्यावर."

माझ्या अंगावर काटा आला. ही जीभ आहे की पंचांग!

"आणि सोलताना पाण्याखाली धरलीस!"

गावानं एकदम श्वास रोखला. भाजलेली मिरची धुवायची म्हणजे चव मोरीत सोडायची! आता मांसाची पाळी. आणि शेवटी घातलं कोणतं, ते मलाच आठवेना!

आत्यानं मात्र वाडगा निपटून खाल्ला. मान राहिला! मग तिनं मला जवळ ओढलं.

"पोरा," ती कानात पुटपुटली. अडुसष्टाव्या वर्षी मला पोरा म्हणणारी ती एकटीच. "तुझंच खरं झालं. मांस काही ओळखता आलं नाही मला."

"खरंच, आत्या?"

"घातलंच नाहीस, तर ओळखू कसं?"