रंगनाथरावांचा अ‍ॅल्युमिनियमचा उतार

आमच्या शेजारचे रंगनाथराव कुणाकडे गेले की लगेच खुर्चीवर बसत नाहीत. आधी यजमानाला तिच्यावर बसवतात, वाकून तिचे पाय कितपत फाकतात ते निरखतात आणि समाधान झाले तरच टेकतात. पूल बांधणाऱ्या खात्यातून ते निवृत्त झाले. त्यांची तपासणी मात्र निवृत्त झाली नाही.

जालना हे लोखंडाचे गाव. अशा गावात, जुन्या जालन्याच्या एका गल्लीत राहून, हे गृहस्थ अ‍ॅल्युमिनियमची बाजू घेतात. आमच्याकडे त्याला ‘जर्मन’ म्हणतात आणि त्याची योग्यता पातेल्यापुरतीच मानतात.

“पातेल्याचं वेगळं, गुरुजी,” ते मला समजावतात. “त्यात मॅग्नेशियम-सिलिकॉन मिसळा, बराबर तापवून थंड करा, साध्या लोखंडाची ताकद येते. अन् वजन तिसरा हिस्सा!” हा धातू लोखंडाच्या तिप्पट वाकतो, हेही ते प्रामाणिकपणे सांगतात.

यंदा त्यांनी ओट्यावरून नालीपलीकडे रस्त्यावर उतरणारा त्याच धातूचा उतार करायला घेतला. अर्धांगवायू झाल्यापासून त्यांच्या पत्नी कौसल्याबाई चाकाच्या खुर्चीत होत्या; घराबाहेर पडल्याच नव्हत्या. वेल्डर सलीमने लोखंडाच्या सवयीने सारे सांधे वेल्ड करून आणले. रंगनाथरावांनी कपाळावर हात मारला.

“अरे, जाळून ताकद घालवली की ह्याची! जोडापाशीच नरम पडलं हे.”

“मंग लोखंडाचा करा ना, सायेब. हत्ती बी चढंल!”

“हत्ती चढवायचा न्हाई मला. बाईमाणूस उतरवायचं हाय. अन् गल्लीत गाडी आली की उचलणार कोण? पोरं पुण्याला. मला एकट्याला उचलता आला पाहिजे.”

दुसरा उतार बोल्ट लावून तयार झाला. चाचणीसाठी अर्थातच खुर्चीत मला बसवले. मध्यावर तो वाकला आणि मी ओरडलो.

“वाकू द्या! वजन उतरल्यावर सरळ होतो का, ते बघा.”

झाला.

मग कौसल्याबाईंची पाळी. खुर्ची मागून धरून, पाठमोरे पाऊल टाकत रंगनाथराव उतरू लागले. बाईंचे तोंड घराकडे होते.

“अहो, खाली वाकतंय हे!”

मला वाटले, आता व्याख्यान होणार. पण ते एवढेच म्हणाले, “मी बी ह्याच्यावरच हाय.”

रस्ता आला. खुर्ची वळवायला त्यांनी हात घातला आणि ते थबकले. पुढचे त्यांनी काहीच योजले नव्हते.

“कुठं न्यायचं?”

“वळवू नका,” कौसल्याबाई म्हणाल्या. “आपलं दार बाहेरून कसं दिसतं, इसरूनच गेल्ते मी. बघू द्या जरा.”

मागे रिक्षावाला हॉर्न वाजवू लागला. उतार उचलायला रंगनाथराव हलले नाहीत.