गोमाकाकांचा इंग्रजी शब्द

लिहिण्याचा मला खरं तर अधिकार नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि किहीमच्या आमच्या शेजारच्या गोमाकाकांविषयी जे सांगायचं आहे त्यात चूक माझी आहे. म्हणून आधीच माफी मागतो.

गोमाकाका दसऱ्याला विळी, सुरी आणि एक इंग्रजी कागद यांची पूजा करत. काका गावातल्या एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर खानसामा होते. स्वातंत्र्यानंतर विलायतेला परतताना त्या साहेबानं त्यांना हा दाखला दिला. काकांना वाचता येत नसे. पण त्यातला एक शब्द त्यांनी साहेबाकडून तीनदा वदवून घेतला होता. तो ते स्वच्छ उच्चारत : 'ऑब्सीक्विअस'. दरवर्षीच्या हळदकुंकवानं साहेबाची सही पुसली, शब्द शाबूत राहिला.

शब्द एवढा लांब, म्हणजे त्यात मोठीच स्तुती असणार, असा काकांचा समज. बैल अडला की, "ह्यो आजिबात ऑब्सीक्विअस न्हाय!" पोरीच्या सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांना त्यांनी विचारलं, "मुलगा ऑब्सीक्विअस हाय ना?"

पाहुणे पानाला चुना लावता लावता म्हणाले, "छे छे, निर्व्यसनी हाय."

दिवाळीची सुट्टी संपवून मी निघालो तेव्हा काका म्हणाले, "तुज्या कॉलेजात मोठी पुस्तकं हायत. ह्याचा अर्थ, मूळ, समदा काढून आन. मुरूडला नवा लॉज निघालाय, तिथं खानसामा पायजे हाय."

मी कोश उघडला. अर्थ : लाचार, हांजी हांजी करणारा. मूळ लॅटिन : मागोमाग जाणे. मी बराच वेळ ते पान उघडं ठेवून बसलो. गावी आल्यावर मात्र मूळ तेवढंच सांगितलं.

"मागोमाग चालनारा!" काका हरखले. "सतरा वर्सं चाललो सायबाच्या मागं."

"आन पायात चपला न्हवत्या," काकी आतून म्हणाली. "पन कागद दिलान हो शेवटी. कोन देतो?"

मुरूडला त्यांनी मला बरोबर नेलं. लॉजचा मॅनेजर तरुण, आपलाच, मराठी. कागद वाचून त्यानं कारकुनाला हाक मारली. "ऐका हो! 'स्वयंपाक बरा करतो. लाचार आहे. काहीही बोला, उलट उत्तर देत नाही.'" दोघंही पोट धरून हसले. "अहो बाबा, हे घेऊन फिरता तुम्ही?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांना कळलं.

"पोराला अर्थ ठाव नव्हता, सायेब," ते मॅनेजरला म्हणाले, आणि कागदाची घडी घातली.

एसटीत ते एकदाच बोलले. "पुस्तकात ह्योच अर्थ व्हता?"

"व्हय, काका."

दारात काकी उभीच होती. "काय म्हनला सायेब?"

"जागा भरली," काका म्हणाले. "पन कागद वाचलान आन खुर्चीवरना उठून उभा ऱ्हायला."

काकीनं माझ्याकडे बघितलं. "खरा का रं?"

"हो काकी," मी म्हणालो. "माझ्यासमोर."