विशाखा मॅडमचा सल्ला

समाजकार्याची पदवी घेऊन विशाखानं एका संस्थेत अर्ध्या पगारावर इतकी वर्षं समाज सुधारला, की शेवटी तिनं स्वतःचं बघायचं ठरवलं. नोकरी सोडली आणि क्रांती चौकामागं, पंक्चरच्या दुकानावरच्या खोलीला 'कौटुंबिक समुपदेशन केंद्र' अशी पाटी लावली. तिची आई भामाबाई म्हणाली, लोक घरात फुकट भांडतात, त्याला भाड्याची खोली कशाला?

पहिलं जोडपं वाळूजहून आलं. बद्रीनाथ रात्रपाळी करून सकाळी आडवा झाला, की द्वारकाबाई नेमका मिक्सर लावायची. विशाखानं समजावलं, की आरोप करायचे नाहीत. प्रत्येक वाक्य 'मला वाटतं' असं सुरू करायचं.

"मला वाटतं, ह्या माणसाला अक्कल नाय," द्वारकाबाई म्हणाली.

मग विशाखानं भूमिकांची अदलाबदल करायला लावली. द्वारकाबाई खुर्चीत घोरू लागली आणि बद्रीनाथ लाजत लाजत तोंडानं मिक्सर फिरवू लागला. मधेच दोघं थांबली.

"मॅडम, तुमचं लग्न झालंय का?" द्वारकाबाईनं विचारलं.

"नाही."

"तरीच," बद्रीनाथ म्हणाला.

"व्हय ना," द्वारकाबाई म्हणाली. कित्येक महिन्यांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. जिना उतरताना दोघं पोट धरून हसत होती.

विशाखाला वाटलं, धंदा बुडाला. पण आठवड्याभरात द्वारकाबाईची जाऊ नवऱ्याला घेऊन आली, मग शेजारीण, मग बद्रीनाथची अख्खी रात्रपाळी. सगळे भांडत जिना चढायचे आणि मॅडमला नावं ठेवत एकदिलानं उतरायचे. खोलीबाहेर बाकडं टाकावं लागलं.

शेवटी विशाखाचा स्वाभिमान दुखावला. ती पुण्याला जाऊन समुपदेशनाचा मोठा कोर्स करून आली. आल्यावर द्वारकाबाईची भाची श्रेया नवऱ्यासोबत आली, तेव्हा विशाखानं दोघांचं शांतपणे ऐकलं आणि एकच नेमका प्रश्न विचारला. दोघं विचारात पडून, न बोलता उतरली.

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई धापा टाकत वर आली.

"मॅडम, पोरीला काय शहाणपण शिकवलं तुम्ही? तडक माहेरी आली ना ती. आमच्या टायमाला तुम्ही लई चांगल्या होत्या, काहीबी सांगायच्या."

विशाखानं पुण्याच्या कोर्सच्या वह्या उचलून कपाटात टाकल्या. मग तिनं श्रेयाला आणि नवऱ्याला पुन्हा केंद्रात पाठवायला सांगितलं.

संध्याकाळी श्रेया आणि तिचा नवरा एकमेकांकडं पाठ करून बसले. विशाखानं खोलीचं दार लावलं, घसा साफ केला आणि अत्यंत गंभीरपणे श्रेयाच्या नवऱ्याला कोंबडी व्हायला सांगितलं.