पेचकसाचं वाण

संक्रांतीला आजवर वाण म्हणून मला काय काय नाही मिळालं! प्लास्टिकच्या वाट्या, चहाच्या गाळण्या, साबणाच्या डब्या. एकीनं तर उंदराचा पिंजरा दिला होता, तोही मी मुकाट्यानं पदराखाली धरून घरी आणला. पण आमच्या आळीतल्या कमलकाकूंनी माझ्या हातावर जे ठेवलं ते पाहून मी बसल्या जागी उडाले. पेचकस! बाजारात सायकलवाल्याजवळ असतो तो, पेच पिळायचा.

"माय वं! काकू, हे काय?"

"मूठ पाह्य न बाई. अर्धी लाल, अर्धी पिवळी. कुंकू आलं, हळद आली. अजून काय पाह्यजे तुले?"

खरं तर पहिला धक्का निमंत्रणालाच बसला होता. आमच्या चिखलीत नवरा गेलेली बाई हळदीकुंकू करत नाही. कोणी तसा कायदा केलेला नाही, पण करत नाही. काकूंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाजार रस्त्यावर त्यांचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान होतं, ते गेले आणि दुकानही मोडलं. मूलबाळ नाही. असं असताना काकू दारोदार सांगत सुटल्या, "मी कुठं हळदीकुंकू करून राह्यली? ते तुम्ही लावा एकमेकींले. मी वाण तेवढं देतो. आन् येतानी पोट्ट्या घेऊन येजा!"

पोट्ट्या म्हणजे मुली. त्यांनाही एकेक पेचकस मिळाला. आम्ही बायका केवळ निमित्ताच्या होतो, हे मला फार उशिरा कळलं.

काकूंच्या घरात यजमानांनी स्वतःच्या हातानं जोडलेला एक जुना मिक्सर होता, आणि तो कायम बिघडलेला असायचा. आठवड्यातून एकदा तरी काकू ओट्यावर उभ्या राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडायच्या, "ए पोट्ट्यांनो, मिक्सर बिघडला वं!" की निघाल्या आळीतल्या मुली आपापले पेचकस घेऊन. रफिकभाई शिंप्यांची अंजुम सगळ्यात पुढे, तिच्यामागे बाकीच्या, आणि शेपटाला आमची लेक पल्लवी. मग मिक्सर पालथा पडायचा, पेच निघायचे, तार सापडायची आणि वर चिवडा मिळायचा. काकू बाजूला पाय पसरून बसायच्या आणि एकच मंत्र म्हणायच्या, "आधी प्लग काढ, मग अक्कल लाव."

मी एकदा फणकाऱ्यानं म्हटलंसुद्धा, "काकू, मिक्सरचं भांडं उघडायला शिकवा की, त्याचं पोट काऊन उघडता?"

"भांडं तं तू शिकवशीनच," काकू शांतपणे म्हणाल्या. "ज्या पोट्टीनं मिक्सर उघडला, ते मंग कॉम्प्युटरले भेत नाई."

आता, काकूंना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. अंजुम जेव्हा पुण्याला कॉम्प्युटर कंपनीत लागली आणि पेढे द्यायला आली, तेव्हा काकूंनी तिला विचारलं, "दिवसाचे किती उघडतं?"

"काकू, उघडायचं नसतं. मी प्रोग्राम लिहिते. त्याच्यात पेच नसतात."

"पेच नाई असं जगात काई नसते," काकू ठामपणे म्हणाल्या. "दिसत नसतीन."

अंजुमच्या मागोमाग बाकीच्याही एकेक करून गेल्या. कोणी संभाजीनगरला, कोणी नागपूरला. कोणी यंत्राच्या, कोणी कॉम्प्युटरच्या मागे. दर वेळी एसटी स्टँडवर काकू हजर, आणि घरी येऊन पुन्हा ओट्यावर. शेवटी आळीत एकटी आमची पल्लवी उरली.

आणि पल्लवीनं बॉम्ब टाकला. बारावी झाली आणि तिला पुण्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला नंबर लागला. आमचे हे कचेरीत बाबू. सगळं आयुष्य 'नियमात बसत नाही' म्हणण्यात गेलेलं. ते म्हणाले, "इथं कॉलेज आहे. बी.ए. कर. पुण्याला एकटी मुलगी नियमात बसत नाही." आणि आठ दिवसांत धाड गावचं एक स्थळ घेऊन आले. मुलगा चांगला, शेती, किराणा दुकान, नाव ठेवायला जागा नाही. प्रवेश घ्यायला आठवडा उरला होता. होकार दिला असता तर पुणं संपलं. पल्लवी जेवेना. मी दोघांच्या मधे, सुपारी अडकित्त्यात असते तशी.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, मामा. पल्लवी साडीत, मान खाली. पोहे झाले. मामांनी घसा खाकरून विचारलं, "सैपाक येते न बाई?"

तेवढ्यात दारात कमलकाकू. कोणी बोलावलं नव्हतं. काखेत मिक्सर!

"पाहुण्यांसाठी ठेचा वाटाले बसली, तं बंद पडलं थे मुडदं," म्हणत त्यांनी तो बैठकीच्या मधोमध, पाहुण्यांच्या पायापाशी ठेवला. "पल्लवे, पाह्य वं जरा."

यांचा चेहरा पांढरा. मी डोळ्यांनी 'नको, नको' करते आहे, आणि आमची लेक? तिनं पदर खोचला, आतून आपला लालपिवळा पेचकस आणला, मांडी ठोकली आणि सगळ्यांदेखत मिक्सर पालथा घातला! मेंदीच्या हातानं पेच काढले, तार बसवली, प्लग लावला. मिक्सर असा घरघरला की मामांच्या हातातला चहा बशीत सांडला.

"बाप्पा!" मामा म्हणाले. "पोरगी हाय का मेकॅनिक?"

"पुण्याले इंजिनीअर व्हाले नंबर लागला तिचा," काकू म्हणाल्या. "तुमाले सांगतलं नाई काय कोनी?"

नव्हतं सांगितलं. यांनी छताकडे पाहायला सुरुवात केली. मला वाटलं, आता हे लोक उठून जाणार आणि उद्या धाडच्या बाजारात आमची गोष्ट भाजीबरोबर विकली जाणार. मुलाची आई उठलीही. मी डोळे मिटून घेतले. तर ती बाई पल्लवीजवळ जाऊन खाली बसली, पेचकस हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि यांना म्हणाली, "भाऊ, मले नववीतून काढलं होतं लग्नासाठी. गणितात पह्यली होती मी. पोरगी छान हाय, मले पसंत हाय. म्हनूनच सांगतो, आमच्या घरी नका देऊ. चूल कोनालेबी येते. हिले जाऊ द्या पुण्याले."

मी उडाले, हे उडाले, मामा तर उडून आधीच बशीत पडले होते. मुलाची आई नकार देते, तोही पसंत आहे म्हणून? ऐकलंय का कोणी?

पाहुणे गेल्यावर यांनी शेवटचा प्रयत्न केला. "पण काकू, पुण्याला एकटी..."

"बाबू, आधी प्लग काढा, मंग अक्कल लावा," काकू म्हणाल्या. "एकटी कायची? तिथं आपली अंजुम हाय न! फोनबी केला मी तिले. खोली पाहून ठेवली तिनं."

पल्लवी गेली. स्टँडवर काकूंनी तिच्या हातात चिवड्याचा डबा दिला, म्हणाल्या, "दिसत नसले तरी पेच असतात हं." गाडी वळेपर्यंत हात हलवला. घरी येताना मी रडत होते, त्या मलाच समजावत होत्या.

त्यानंतर आळी एकदम गप्प झाली. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण काय ते कळेना. मग एका सकाळी लक्षात आलं. काकूंची आरोळीच आली नव्हती! आणि त्यांच्या खिडकीतून आवाज येत होता तो मिक्सरचा. चांगला खणखणीत, न अडखळता.

मी तशीच गेले. काकू दाण्याचा कूट करत होत्या.

"काकू, हा तर मस्त चालतो की! केला कोणी नीट?"

"कोनीच नाई."

"मग बिघडला होता ना?"

काकूंनी मिक्सर बंद केला. झाकण काढलं, चमच्यानं कूट खाली-वर केला. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तो कधीच नव्हता बिघडला वं, सुनंदा. आमच्या याहीनं जोडलेला हाय, तो काय बिघडते? मीच पेच ढिला करून ठेवत जाओ, तार काढून." मग झाकण लावत म्हणाल्या, "आता कोनासाठी बिघडवू?"

मी पुन्हा उडाले. एवढी वर्षं ही बाई घरात चार पोरींचा आवाज यावा म्हणून दर आठवड्याला एक पेच सैल करत होती, आणि त्या पोरी घरात अडकून राहू नयेत म्हणून त्यांना तोच पेच शिकवत होती. मला भडभडून आलं. मी घरी परत आले.

माझ्या वाट्याचा पेचकस सापडायला वेळ लागला नाही. वाणात मिळाल्यापासून मी त्यानं फक्त डालड्याच्या डब्याचं झाकण उचकटत आले होते. तो पुसला आणि पुन्हा काकूंच्या स्वयंपाकघरात गेले. आधी प्लग काढला. भांडं बाजूला ठेवलं, मिक्सर पालथा घातला आणि पेचकस पेचाला लावून सगळा जोर लावून पिळायला लागले.

इतकी वर्षं मी उडत होते. त्या दिवशी काकू उडाल्या.

"अवं, काय करून राह्यली तू?"

"बिघडवते आहे," मी म्हटलं. "मग तुम्ही मला शिकवा."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला, नाक ओढलं आणि पाय पसरून माझ्याजवळ खाली बसल्या.

"उलटा फिरव वं बाई," त्या म्हणाल्या. "घट्ट करून राह्यली तू."