अप्पांचं न्यू जर्सी

अहमदपूरच्या एका लग्नात वैजनाथअप्पा रिकामं ताट मांडीवर घेऊन पाऊण तास बसून होते. समोर बुफे मांडलेला, गुलाबजामांपुढे रेटारेटी चाललेली, आणि हे खुर्चीवर ताठ.

"अप्पा, उठा, घ्या की वाढून," मी म्हणालो.

"वाढायला माणूस न्हाई का?"

"नाही. ज्यानं त्यानं घ्यायचं असतं."

"मंग थांबतो."

शेवटी मुलीचे वडील धावत आले आणि त्यांनी स्वतः वाढलं. अप्पा दोनदा भात मागून जेवले. मी शेजारीच होतो, म्हणून मलाही त्यांच्याच पंथाचा समजून आग्रहानं तिसऱ्यांदा वाढण्यात आलं. त्या दिवशी संध्याकाळी मी जेवलो नाही.

अप्पा माझे शेजारी. मूळचे उदगीरकडचे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, शर्टाच्या खिशात कंगवा. बायको जाऊन सहा वर्षं झाली. एकुलती एक लेक अश्विनी, म्हणजे आशू, अमेरिकेत इंजिनियर. स्वतः अप्पा लातुरात, नांदेड रस्त्यावरच्या एका पंपावर तीस वर्षांपासून पेट्रोल टाकतात. लेकीनं काम सोडा म्हणून शंभरदा सांगितलं, पण ते ऐकतील तर अप्पा कसले?

पंपावर त्यांचं राज्य असतं. टाकीच्या झाकणाला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. एकदा एका घाईच्या माणसानं आपल्या मोटारसायकलचं झाकण स्वतःच उघडून ठेवलं. अप्पांनी ते शांतपणे बंद केलं, पुन्हा उघडलं आणि मगच नोझल आत घातलं. पेट्रोल पडेपर्यंत चौकशी सुरू. "कुठं निघाले? औशाला? मेहुण्याचं दुखणं कसं हाय?" मेहुण्याला काय झालं होतं हे माणूस विसरलेला असतो, अप्पा नाही. दवाखान्यात मशीनमधला चहा दिला तर ते कप परत करतात. "ह्यात कुणाचा हात न्हाई," म्हणतात.

अशा माणसाला लेकीनं टेक्सासमधून एक व्हिडिओ पाठवला. त्यात आशू गाडीतून उतरते, स्वतः नोझल उचलते, स्वतः पेट्रोल भरते आणि आजूबाजूला चिटपाखरू नाही. मोठ्या कौतुकानं पाठवला होता बिचारीनं. अप्पा तो घेऊन माझ्याकडे आले, चेहरा सुतकी.

"सर, हिथं माणूस कुठं गेला?"

मी शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे पृथ्वीवर कुठंही काही बिनसलं की अप्पा मला जबाबदार धरतात. मी इंटरनेटवर शोधून सांगितलं, की अमेरिकेत राज्याराज्यांचे कायदे वेगळे. बहुतेक ठिकाणी आपलं आपण भरायचं. फक्त न्यू जर्सीत गिऱ्हाइकानं नोझलला हात लावायचा नाही, पंपावरच्या माणसानंच भरायचं, असा कायदा आहे.

"कायदा?" अप्पा उभेच राहिले. "सरकारी?"

हे सांगितलं ही माझी चूक. दुसऱ्या दिवसापासून माझ्या भिंतीवरचा अमेरिकेचा नकाशा माझा राहिला नाही. अप्पा रोज पंपावर जाताना आत यायचे आणि न्यू जर्सीवर बोट ठेवायचे.

"लई बारकं हाय हो. आपल्या लोहा तालुक्याएवढं दिसायलंय." मग बोट टेक्सासवर. "आन् हे एवढं मोठं धूड, पंपावर एक माणूस उभा करायला जागा न्हाई ह्यांच्यात!"

ओरेगॉन नावाच्या राज्यातही पूर्वी असाच कायदा होता आणि आता तो सैल केला, हे मी बोलून गेलो. अप्पा दोन दिवस उदास होते. पंपावर येणाऱ्या ओळखीच्या माणसांना, पक्ष सोडलेल्या आमदाराविषयी बोलावं तशा आवाजात सांगत होते, "ओरेगॉन आपलं होतं. तेबी फुटलं."

इथपर्यंत गंमत होती. पण त्याच सुमाराला आशूच्या कंपनीनं तिला विचारलं, की टेक्सासमध्येच राहून मोठा हुद्दा घेणार, की न्यू जर्सीच्या ऑफिसात आहे त्याच कामावर जाणार? महिनाअखेर कळवा. अप्पांनी फोनवर एकच धोशा लावला, न्यू जर्सी. कारण विचारलं की म्हणायचे, "तिथं पेट्रोल टाकायला माणूस हाय." आशू वैतागली. गल्लीत चर्चा सुरू झाली, की स्वतः जन्मभर नोझल धरलं, आता लेकीनं धरलेलं बघवत नाही म्हाताऱ्याला. खरं सांगतो, मलाही तसंच वाटत होतं. लेकीचं नुकसान करायला निघालेल्या या हट्टी माणसाचा मला राग आला होता.

एका संध्याकाळी मी त्यांना अंगणात गाठलं आणि चांगलं फैलावर घेतलं. "तिनं स्वतः पेट्रोल भरलं तर काय बिघडलं? तुमच्या कामाची तुम्हालाच लाज वाटते का?"

अप्पा हळू आवाजात म्हणाले, "लाज कशाची, सर? माझ्यापेक्षा चांगलं धरती ती नोझल. तसं न्हाई." त्यांनी खिशातला कंगवा काढला, परत ठेवला. "आशूचं काम कुठंबी गेली तरी घरूनच असतंय. दुकानात मशीन, बँकेत मशीन, पंपावर मशीन. मागं एका सोमवारी मीटिंगात बोलाया गेली तर आवाजच फुटंना. सर्दी न्हाई, खोकला न्हाई. शुक्रवारपसून तोंडच उघडलं नव्हतं लेकरानं. हसून सांगत होती मला. मी बी हसलो. न्यू जर्सीत गेली तर पंपावर तरी कुणी इचारंल तिला काहीतरी."

मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली. "हे तिला सांगितलंत का?"

"असं कसं सांगावं? तिला वाटंल, हसता हसता मला रडू आलं."

मग मीच आशूला फोन केला आणि सगळं सांगितलं. चार दिवसांनी तिनं कंपनीला न्यू जर्सी कळवलं.

नव्या गावी गेल्यावर पहिल्यांदा पेट्रोल भरून तिनं फोन केला, तेव्हा तिकडे शनिवारची संध्याकाळ होती आणि इकडे रविवारची सकाळ. अप्पांनी मला हाक मारून बोलावलं आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"आला का माणूस?"

"आले ना अप्पा. मी काच खाली केली. 'फुल?' म्हणाले. मी 'येस' म्हटलं."

"आन् मंग?"

"मग काही नाही. भरलं आणि दुसऱ्या गाडीकडे गेले."

"कुठं निघाली, काय, काही इचारलं न्हाई?"

"नाही अप्पा."

मी अप्पांकडे बघायचं टाळलं. एवढा मोठा हुद्दा सोडून पोरगी गेली, आणि पदरात पडला एक शब्द. काय बोलून समजूत घालावी याची मी मनात जुळवाजुळव करत होतो.

अप्पांनी फोन तोंडाजवळ घेतला. "आशू, आज दिवसभरात तेवढंच बोललीस का?"

"हो."

"पण आवाज निघाला ना?"

"निघाला."

"मंग ऐक," अप्पा म्हणाले. "टाकी फुल करत जाऊ नको माय. थोडं थोडं टाकत जा. म्हंजी सारखं जावं लागंल."