राज्यशास्त्राची तीन कोटेशनं

गोकुळने ठरवलं ते एवढंच, की पोरीसाठी युनिव्हर्सिटी घ्यायची ती तीन कोटेशनं बघून.

आता तुम्ही म्हणाल, युनिव्हर्सिटी म्हणजे काय सुतळीचा गठ्ठा आहे? पण त्याचाही दोष नाही, बापा. सिल्वासाहून सायकल मारत तो मसाटच्या खोक्यांच्या कंपनीत जायचा, आणि तिथे सतरा वर्षं परचेस क्लार्क होता. पुठ्ठ्याचा कागद घ्या, डिंक घ्या, नाहीतर साहेबांच्या खुर्चीची गादी घ्या. तीन ठिकाणचे भाव मागवायचे, शेजारी शेजारी मांडायचे, मग सही. (बायको तेवढी त्याने एकच पाहून घेतली होती. ती चूक पुन्हा करायची नाही, असं मनाशी धरलं असावं.)

पोरगी ममता. रोज वापीला जाऊन-येऊन बी.ए. झाली, तीही फर्स्ट क्लास. म्हणाली, राज्यशास्त्रात एम.ए. करते. इकडे धरणगावच्या मामाने स्थळ आणून तयार ठेवलेलं. तिच्या आईने, केसरबाईने, आपला निकाल देऊन टाकला, "यंदा नंबर लागला तर शीक. नाही लागला तर दिवाळीनंतर अक्षता."

गोकुळने स्टँडवरून दोन मासिकं आणली. दोन्हीत राज्यशास्त्राच्या युनिव्हर्सिट्यांचे नंबर छापलेले. झालं! एकात जी पहिली, ती दुसऱ्यात एकोणिसावी. दुसऱ्यातली पहिली तर पहिल्यात नव्हतीच.

"नाना, त्यांचे निकष वेगळे असतात," ममता म्हणाली. "एक जण प्राध्यापकांना विचारतो, दुसरा लायब्ररीतली पुस्तकं मोजतो."

"एका मालाला दोन रिपोर्ट? आमच्याकडे असं झालं तर लॅबवाल्याला घरी बसवतात!"

आठ दिवस तो रकाने आखत बसला. बेरजा केल्या, सरासऱ्या काढल्या. जेवणावरची वासना गेली. शेवटी हात टेकले आणि कंपनीतल्यासारखी तीन पत्रं टाकली. एक दिल्लीकडे, एक दक्षिणेत, आणि एक गुजरातेत. ही गुजरातची दोन्ही याद्यांत चौतिसाच्या वर सरकत नव्हती. पण तिसरं कोटेशन लागतंच ना!

चाळीचं टपाल पानवाल्याकडे पडायचं आणि तिथेच विडे बांधायला वापरलं जायचं. म्हणून पत्ता दिला कंपनीचा. कागदही कंपनीचाच. विषय, एम.ए. राज्यशास्त्र. माहितीपत्रक व फॉर्म नमुन्यादाखल त्वरित पाठवावा. खाली छापील ओळ होतीच: नापसंत माल आपल्या खर्चाने परत जाईल.

दोनेक आठवडे वाट बघून तो चार दिवस चुलतभावाच्या लग्नाला गेला. परत आला तर स्टोअरचा झिपरू दारातच उभा.

"गोकुळभाऊ, तुमचे तीन नमुने आले ना! लॅबला देऊन टाकले."

"कसले नमुने?"

"कागदाचे. वर परचेस डिपार्टमेंट लिहिलेलं होतं. दुसरं काय येतं तुमच्या नावाने?"

गोकुळ धावत लॅबमध्ये. तिथे निखिल म्हणून नाशिकचा नवा पोरगा, कामाचा भारी हौशी. कागद किती दाबाला फुटतो ते बघायचं मशीन पुसत बसलेला.

"दिल्लीचा नमुना लगेच फुटला, काका. म्हटलं, अन्याय नको. खात्रीला शेवटचं पान लावलं. तेही फुटलं."

शेवटचं पान म्हणजे फॉर्म. निखिलने रेकॉर्डला ठेवला होता तो काढून दाखवला. ममताचं नाव लिहायच्या जागी रुपयाएवढं भोक.

"अन् दक्षिणेचा?"

"ओलावा फार. वाळवायला ठेवला तर करपला. पण हा तिसरा बघा! काय कागद आहे! पहिल्याच पानाला पास. शेवटच्याला हात नाही लावला."

"अरे, त्यावर काय छापलंय ते वाचलं नाही?"

"आम्ही कागद तपासतो, काका. छपाई आमच्याकडे येत नाही."

"बाकीचं कुठाय?"

"रिजेक्टचा शिक्का मारून परत धाडलं. नियम आहे. तुमच्याच हातचा लिहिलेला."

गोकुळ खाली बसला तो स्टुलावर नाही, जमिनीवर. फॉर्मची मुदत पाच दिवसांवर. दिल्लीहून दुसरा यायला पंधरा दिवस. रडावं तर मागोमाग आलेला झिपरू बघत होता.

घरी केसरबाईने सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश विचारलं, "म्हणजे देशातल्या चांगल्या-चांगल्यांना तुम्ही नापास केलं?"

"मी नाही, लॅबने."

"अन् चौतिसावीला पास?"

"कागद चांगला होता."

"माय वो! उद्या भावाला निरोप धाडते, हॉल बघ म्हणून."

ममता भिंतीकडे तोंड करून रडली. गोकुळने आपले रकाने आखलेले कागद चुलीत घातले, तर तेही धड पेटेनात. थोड्या वेळाने पोरगी उठली, तोंड धुतलं आणि तो उरलेला फॉर्म भरायला बसली. पोस्टावर आता घरात कुणाचा भरवसा नव्हता. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने स्वतःच घेऊन गेली.

तो दिवस गोकुळने कसा काढला, त्याचं त्यालाच ठाऊक. कामावर त्याने डिंकाच्या कोटेशनवर तीनदा ममताचं नाव लिहिलं. संध्याकाळी पोरगी दारात आली, चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "नंबर लागला! तिथल्या तिथे मुलाखत घेतली."

केसरबाईने साखरेचा डबा काढला. गोकुळची छाती वीतभर फुगली. "काय विचारलं?"

"विभागाच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडेच का आलीस? खोटं काय सांगू? सगळं सांगितलं. हसता हसता त्यांना ठसका लागला, शिपाई पाणी घेऊन आला."

"माझ्याबद्दल काही?"

"तुमचं पत्र त्यांच्या टेबलावरच होतं, नाना."

गोकुळने कॉलर सारखी केली. "मग? काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, यापुढचा सगळा पत्रव्यवहार आईने करावा."

"तुझ्या आईला सहीसुद्धा येत नाही!"

"ते सांगितलं मी," ममता म्हणाली. "म्हणाल्या, अंगठा चालेल."